रेस दिली की गाडी मार खाते: जुन्या गाडीची घरच्या घरी तपासणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या दारात १९९६ची मारुती ८०० उभी असते. वडिलांनी घेतलेली, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगची, कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग). ती अजून धडधाकट चालते म्हणून गल्लीतली, पाहुण्यांतली, ऑफिसातली माणसं आपापल्या जुन्या गाडीचं दुखणं घेऊन येतात. बहुतेकांची तक्रार एकाच सुराची असते: पाय दाबला की गाडी क्षणभर गप्प बसते, मग हिसका देऊन उचलते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. यातलं बरंचसं कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या), गॅस, डिझेल आणि दुचाकीबद्दल पुढे थोडक्यात येईल.

माझं सांगणं एवढंच आहे की पार्ट बदलण्याआधी तपासा, आणि तपासण्याआधी गाडी नेमकी केव्हा मार खाते ते बघा.

मार खाणं, मिसिंग आणि पिकअप नसणं, हे सगळं एकच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. पाय दाबल्याच्या क्षणी इंजिन अडखळतं आणि मग सावरतं, ते मार खाणं. मिसिंग म्हणजे एक सिलिंडर धड पेटत नाही. इंजिन उभ्या गाडीतही थरथरतं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला की ताल चुकलेला कळतो. पिकअप नसणं म्हणजे अडखळ काहीच नाही, पण गाडी ओढतही नाही. चौथा प्रकार गचक्यांचा: एकाच वेगाने जाताना, पाय स्थिर असताना गाडी पुढे-मागे ओढल्यासारखी होते. तिथे बहुधा पेट्रोल कमी पडत असतं.

पिकअप नसेल तर आधी इंजिनाबाहेर बघा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. पाचेक किलोमीटर चालवून उतरल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं, तर ब्रेक धरून राहिलाय. हवा कमी असलेले टायरसुद्धा हीच तक्रार निर्माण करतात. अशा गाडीचा कार्बोरेटर कितीही धुतला तरी काही फरक पडत नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

वहीपासून. एक साधी शाळकरी वही गाडीत ठेवा आणि चार-पाच दिवस नुसतं लिहा. इंजिन थंड होतं की गरम? पाय झटक्यात दाबला की हळू? सपाटीला की चढाला? किती वेळ चालल्यावर? पाऊस होता का? टाकीत पेट्रोल किती होतं, आणि ते नुकतंच भरलं होतं का?

हे लिहायला कंटाळू नका, कारण निम्मं निदान इथेच होतं. फक्त झटक्यात पाय दाबल्यावर मार खाते आणि हळूहळू दाबल्यावर अजिबात नाही, तर बोट जातं कार्बोरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाकडे. थंड असताना मार खाते आणि गरम झाल्यावर सुरळीत, तर चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी कार्बोरेटरची झडप) किंवा कुठेतरी हवा खाणं, म्हणजे फटीतून जादा हवा आत शिरणं. गरम झाल्यावरच सुरू होतं, तर ठिणगी तयार करणारे भाग, म्हणजे इग्निशन कॉईल किंवा कंडेन्सर, नाहीतर पेट्रोलची वाफ. मोठ्या चढाला पाच-सात मिनिटांनी मान टाकते आणि थांबून दोन मिनिटांनी पुन्हा बरी होते, तर पेट्रोल पुरत नाहीये. फक्त पावसात, तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची (ठिणगीची वीज प्लगांना वाटून देणाऱ्या भागाची) कॅप. पंपावरून निघाल्यानिघाल्या सुरू झालं, तर पेट्रोलमध्ये पाणी किंवा कचरा.

दुसरी गोष्ट, चाचणीचा रस्ता एकच ठेवा. मी सपाटीसाठी महामार्गाचा तोच तोच तुकडा घेतो आणि चढासाठी केर्लीवरून जोतिबाला जाणारा रस्ता, पहाटे गर्दी नसताना. रंकाळ्याच्या बाजूला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी कशी चालली यावरून काहीच ठरवता येत नाही. आणि एका वेळी एकच बदल करा. प्लग, फिल्टर आणि कॉईल एकाच दिवशी बदललीत तर गाडी सुधारेलही, पण का सुधारली ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

घरी हे करणं सुरक्षित आहे का?

काळजी घेतली तर हो. गाडी उघड्यावर, सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. पेट्रोलच्या कामाला हात घालण्याआधी (स्टार्टर मारावा लागतो ती चाचणी सोडून) बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जवळ विडी-सिगारेट नको, देवघरातली समई नको, स्वयंपाकघराची खिडकी शेजारी नको. वाळूची बादली हाताशी असू द्या. ओढणी, गळ्यातली साखळी, सैल बाही पट्ट्यात किंवा पंख्यात अडकते. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची आपल्याकडची सवय तर पूर्ण सोडा. एक घोट श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसं सुजतात.

कोणती हत्यारं लागतात?

प्लगचा पाना, पान्यांचा साधा सेट, दोन स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), उजेडासाठी हातातली बॅटरी, हातभर रबरी नळी, पाण्याचा फवारा आणि दोन-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर. पारदर्शक बाटली घरात असतेच.

झटक्यात रेस दिली की इंजिन मरायला टेकतं. ॲक्सिलरेटर पंप कसा तपासायचा?

आधी तो कशासाठी असतो ते समजून घ्या. पाय दाबला की थ्रॉटलची झडप उघडते आणि हवा ताबडतोब आत धावते. पेट्रोल हवेपेक्षा जड, ते लगेच वेग घेत नाही. त्या क्षणी इंजिनाला हवा भरपूर आणि पेट्रोल कमी मिळतं. ही फट भरण्यासाठी कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. थ्रॉटल उघडताच तो पेट्रोलची चिळकांडी थेट कार्बोरेटरच्या घशात, म्हणजे हवा आत जाते त्या तोंडात सोडतो. चिळकांडी आली नाही की इंजिन उपाशी राहतं, तेच तुम्हाला मार खाणं म्हणून जाणवतं.

तपासणी दोन मिनिटांची. इंजिन बंद, गाडी थंड. एअर फिल्टरचं झाकण काढा. घशात बॅटरीचा उजेड टाका आणि थ्रॉटलचा लिव्हर हाताने झटकन उघडा. पेट्रोलची बारीक, सरळ, जोरदार धार त्याच क्षणी दिसली पाहिजे. लिव्हर अर्धा उघडल्यावर आली तर उशीर आहे. नुसते थेंब टपकले तर पंपाचा डायफ्राम कडक झालाय किंवा फाटलाय. काहीच आलं नाही तर बारीक भोक चोंदलंय किंवा आतली चेंडूसारखी झडप चिकटलीय. मात्र गाडी आठ-दहा दिवस उभी असेल तर कार्बोरेटर कोरडा पडलेला असू शकतो. एकदा सुरू करून, बंद करून मग तपासा. चेहरा घशावर नेऊ नका, बाजूने बघा.

डायफ्राम स्वस्त असतो, कार्बोरेटर किटमध्ये मिळतो. फार जुन्या मॉडेलचा मिळाला नाही म्हणून पूर्ण कार्बोरेटर टाकून देऊ नका. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरात लेथवर बारीक काम करणारी माणसं आहेत. झिजलेल्या थ्रॉटल शाफ्टला बुश बसवून देण्यासारखं काम तिथे होतं, आणि जुन्या गाडीवर प्रेम असलेल्या माणसाला ही केवढी मोठी सोय आहे, ते दुसऱ्या गावी गेल्यावर कळतं.

सकाळी पहिली दहा मिनिटं मार खाते, मग ठीक. हे दुरुस्त करायला हवं का?

थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफाळत नाही, भिंतींना चिकटतं, म्हणून चोक लागतो. हाताचा चोक असेल तर झडप पूर्ण बंद होते का ते डोळ्यांनी बघा. बरेचदा केबल ताणलेली असते आणि खटका ओढला तरी झडप अर्धीच फिरते. उलट बाजूही तपासा: खटका आत ढकलल्यावर झडप पूर्ण उघडत नसेल तर गरम गाडी काळा धूर सोडते आणि पेट्रोल पिते. कोल्हापूरच्या थंडीत दोन-तीन मिनिटं चोक पुरेसा आहे. दहा मिनिटं लागत असतील तर हवा खाण्याचा प्रश्न वाचा, आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत थंडाव्याचं पाणी अडवणारी झडप) काढून टाकलाय का तेही बघा. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढायची पद्धत आपल्याकडे आहे. त्याने इंजिन कायम थंड राहतं आणि दुखणं वाढतं.

चढाला लागली की थोड्या वेळाने मान टाकते. पंप बदलू का?

थांबा. आमचा अनुभव सांगतो.

दोन वर्षं आमची गाडी केर्ली सोडून जोतिबाच्या चढाला लागली की अर्ध्या वाटेत गचके खायला लागायची. बाजूला घेऊन बोनेट उघडलं, पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालायची. गावात कधीच काही नाही. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर बदलला. दुसरीकडे कॉईल आणि पेट्रोल पंप. प्रत्येक वेळी गावात फिरवून दाखवायचे, ती छान चालायची, पैसे देऊन यायचो आणि पुढच्या रविवारी परत वाघबीळच्या आधी नाहीतर जोतिबाच्या वळणावर उभे. वडील तर तिला विकायच्या गोष्टी करू लागले होते, आणि ते मला सहन होत नव्हतं.

शेवटी मंगळवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. म्हणाले, "दादा, आता जाताना अडली की बोनेट उघडू नका. टाकीचं झाकण उघडा आणि आवाज ऐका." तसं केलं. झाकण फिरवताच टाकीने सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत ओढली, आणि गाडी लगेच चालू लागली.

कारण साधं होतं. मूळ झाकण हरवल्यावर आम्ही बाजारातलं कुलुपाचं झाकण बसवलं होतं. त्याला हवा आत घ्यायची सोय नव्हती. पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत पोकळी वाढायची आणि पंपाला ओढवेना. गावात थांबत-थांबत चालताना ते जाणवत नसे, सलग चढाला पेट्रोल जास्त लागलं की गाडी उपाशी. झाकण बदललं, खर्च अगदी किरकोळ. आज तीच गाडी घरातली पाच माणसं घेऊन जोतिबाला जाते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी झाकण. मग पेट्रोल फिल्टर. पारदर्शक असेल तर तळाशी लाल गंज किंवा काळा गाळ दिसतो. मग टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या, विशेषतः वाकलेल्या जागी. जुन्या नळीला बाहेरून काही होत नाही, पण आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो. हे सगळं ठीक असेल तरच पंप: कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा, कॉईलची जोडणी काढून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ठोक्यागणिक भरगच्च धार आली पाहिजे. धारेत बुडबुडे दिसले तर पंपाच्या आधी कुठेतरी हवा ओढली जातेय. ही चाचणी थंड इंजिनावरच करा, आणि सांडलेलं पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत जोडणी परत लावू नका.

चैत्रात, ऐन उन्हात ट्रॅफिकमध्ये अडली. तेच दुखणं का?

बहुधा वेगळं. चैत्र यात्रेच्या दिवसांत, एप्रिलच्या उन्हात पहिल्या गिअरमध्ये रांगेत चढताना इंजिनाखालची उष्णता बाहेर पडत नाही. नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटांत गाडी चालली तर वाफच होती. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब बांधणं आणि कारखान्याने दिलेला उष्णतेचा पत्रा जागेवर आहे का बघणं. तो पत्रा बरेचदा कुठल्यातरी दुरुस्तीत काढलेला असतो आणि परत लावलेला नसतो.

पावसाळा सुरू झाला की मिसिंग सुरू होतं. काय करावं?

आपल्याकडचा पाऊस म्हणजे दिवसेंदिवस ओल. प्लगच्या वायरींवर बारीक चिरा पडलेल्या असतात, त्यांत ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता इंजिनाच्या लोखंडाकडे पळते. ही चाचणी रात्री जेवणानंतर, गल्लीतला दिवा लांब असेल तिथे करा. बोनेट उघडा, इंजिन सुरू ठेवा, डोळे अंधाराला सरावू द्या. वायरींवर आणि कॅपभोवती निळसर चमक दिसली की जागा सापडली. दिसली नाही तर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लावू नका. दणका जबरदस्त बसतो.

मल्टिमीटर असेल तर वायरी एकेक काढून रेझिस्टन्स मोजा. लांबीप्रमाणे थोडा फरक असतोच, पण एखादी बाकीच्यांच्या कितीतरी पट दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर ती गेली. काढताना प्रत्येक वायरीला दोऱ्याने खूण करा. कॅप आतून पुसा. पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली तर ती चीर आहे, पुसून जात नाही, कॅप बदलावीच लागते.

प्लगवरून काय कळतं?

पुष्कळ. गाडी चढाला चालवून लगेच बंद करा, इंजिन निवल्यावर प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. बिस्किटासारखा तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढराफटक, फोडाफोडांचा म्हणजे पेट्रोल कमी किंवा ठिणगीचं टायमिंग चुकलंय. तेलकट ओला म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येतंय. महत्त्वाचं म्हणजे एकमेकांशी तुलना करा. तिन्ही सारखे काळे असतील तर कार्बोरेटर किंवा एअर फिल्टर, एकच वेगळा असेल तर दुखणं त्या एका सिलिंडरचं. मारुती ८०० च्या कार्बोरेटर मॉडेलला प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी असतो. तुमच्या गाडीचा तिच्या पुस्तकात बघा.

पॉइंट घासून घेतले, तरी तसंच. आता?

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले कॉईलची वीज चालू-बंद करणारे दोन संपर्क. ते घासणं हा तात्पुरता इलाज आहे. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर कंडेन्सर संशयास्पद आहे. पॉइंट आणि कंडेन्सर जोडीने बदला. गॅप मारुतीच्या पॉइंटच्या मॉडेलला ०.४ ते ०.५ मिमी. कंडेन्सर आणि कॉईल गरम झाल्यावरच दगा देतात, म्हणून तपासणी गाडी अडलेल्या अवस्थेतच करा: सुटा प्लग वायरीला लावून, इन्सुलेटेड पकडीने इंजिनाच्या धातूला टेकवून स्टार्टर मारा. पेट्रोलची नळी उघडी नाही याची आधी खात्री करा. निळी, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक ठिणगी म्हणजे इथेच शोधा.

एक भाग मात्र मिस्त्रीसुद्धा विसरतात. डिस्ट्रिब्युटरला चिकटलेली गोल डबी, व्हॅक्युम ॲडव्हान्स. पाय दाबताना ठिणगीची वेळ पुढे-मागे करायचं काम तिचं. तिला आलेली नळी काढा, डबीकडच्या टोकाला हातभर नळी जोडून इंजेक्शनच्या सिरिंजने हवा ओढा. कॅप काढली असेल तर आतली प्लेट हललेली दिसेल आणि दट्ट्या धरून ठेवल्यास ती तशीच राहील. दट्ट्या सहज येत राहिला तर आतला डायफ्राम फाटलाय. अशा गाडीला हलक्या पायावर मार बसतो, ॲव्हरेज घटतं आणि सगळे कार्बोरेटरला दोष देतात.

"हवा खाते" म्हणजे काय, आणि कशी शोधायची?

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधे कुठेही फट असली की न मोजलेली हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं. खूण म्हणजे स्लो (पाय न दाबता इंजिन चालतं तो वेग) अस्थिर, थंडीत जास्त त्रास. इंजिन चालू ठेवून रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या भागाच्या) गॅस्केटभोवती, बारीक नळ्यांभोवती फिरवा. सुस्कारा ऐकू येतो. संशय आला तिथे थोडं साबणाचं पाणी सोडा. इंजिनाचा आवाज बदलला तर फट तिथेच. तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारून शोधणारे लोक मी पाहिलेत. कृपया तसं करू नका, गाडी पेट घेते.

ब्रेकच्या बूस्टरची नळी विसरू नका. ब्रेक दाबून धरल्यावर स्लो लक्षणीय बदलत असेल तर तिथे बघा.

इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासूनच हे सुरू झालं. तेच कारण ना?

काही अंशी असू शकतं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३मध्ये देशात विक्रीला आलं आणि २०२५पर्यंत जवळजवळ सगळीकडे तेच मिळू लागलं. आपला जिल्हा उसाचा, साखर कारखान्यांना इथेनॉलचा आधार आहे, त्यामुळे घरात एक जण त्या बाजूचा आणि एक गाडीच्या बाजूचा असतो. दोन्हींचा राग न धरता गाडीत काय होतं ते बघू.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटिंगवर (कार्बोरेटरच्या पेट्रोल मोजणाऱ्या भोकांच्या जुन्या मापावर) मिश्रण थोडं पातळ पडतं. ज्या गाडीचा ॲक्सिलरेटर पंप आधीच कमजोर होता, तिचा मार यामुळे उघड होतो. इथेनॉल जुना डिंक आणि गाळ सोडवतं, तो फिल्टरमध्ये येतो. जुनं रबर फुगतं. ते पाणी ओढून घेतं, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर ते पाणी तळाशी वेगळं पडू शकतं. ॲव्हरेजही घटतं: नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरली आहे. म्हणजे ॲव्हरेज थोडं कमी झालं तर घाबरू नका, पण गाडी हिसके मारत असेल तर "इथेनॉल आहे, काय करणार" म्हणून सोडूही नका. नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घाला, फिल्टर सुरुवातीला लवकर बदला, गाडी आठवड्यातून एकदा तरी नीट फिरवा.

आमची गाडी महापुरात उभी होती. तेव्हापासून अधूनमधून अडखळते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत पंचगंगेचं पाणी कितीतरी गाड्यांच्या बोनेटपर्यंत गेलं. तेव्हा ऑइल बदलून चालू केलेल्या गाड्या आजही अशी दुखणी काढतात. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा गढूळ गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवावीच लागेल. मग जोडण्या: प्रत्येक कनेक्टर उघडून हिरवट बुरशीसारखा गंज आहे का बघा. इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थिंगची पट्टी काढून, घासून, परत घट्ट लावा. पुराच्या गाडीत माझा पहिला हात याच पट्टीवर जातो.

माझी गाडी एमपीएफआय आहे. हे सगळं लागू पडतं का?

प्लग, हवा खाणं, फिल्टर, अर्थिंग हे सगळं लागू. कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी आणि सेन्सर येतात. थ्रॉटल बॉडीतली काजळी योग्य क्लीनरने साफ केली की बऱ्याच गाड्या सुधारतात. पाय अगदी थोडा दाबल्यावर एका ठराविक जागी मार बसत असेल तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर मल्टिमीटरने तपासा: थ्रॉटल हळूहळू उघडताना सिग्नलचं व्होल्टेज साधारण अर्ध्या व्होल्टपासून चार-साडेचारपर्यंत सलग चढलं पाहिजे. मधेच उडी मारली किंवा खाली पडलं तर तिथला पट्टा झिजलाय. बाजारातले स्वस्त स्कॅनर फार जुन्या एमपीएफआय गाड्यांशी बोलत नाहीत, म्हणून स्कॅनरमध्ये काही दिसलं नाही याचा अर्थ दोष नाही असा काढू नका.

गॅस किट आहे. गॅसवर मार खाते, पेट्रोलवर नाही.

तुमच्याकडे निदानाचं सगळ्यात चांगलं साधन आहे. एकाच इंधनावर त्रास असेल तर दोष त्या इंधनाच्या वाटेवर. दोन्हींवर असेल तर ठिणगी, हवा खाणं किंवा कॉम्प्रेशन. एक अपवाद: गॅस पेटवायला ठिणगीला जास्त जोर लागतो, म्हणून कमजोर प्लग आणि वायरी आधी गॅसवर उघड्या पडतात. गॅसची गळती वाटली तर घरी काही करू नका.

डिझेल जीप आहे, चढाला ओढत नाही.

काळा धूर असेल तर एअर फिल्टर, धूर नसून दम नसेल तर डिझेल फिल्टर. फिल्टरखालच्या बोल्टमधून पाणी सोडा, हातपंपाने हवा काढा. त्यापुढे पंप आणि नोझलचं काम बेंचवरच होतं.

दुधाच्या कॅना नेणारी जुनी मोटारसायकल आहे, पहाटे उचलत नाही.

प्लग, प्लगची कॅप, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरच्या वाटीतला गाळ, याच क्रमाने. वाटीचा स्क्रू सोडून येणारं पेट्रोल बाटलीत धरा. त्यात पाण्याचे गोळे फिरताना दिसले तर टाकीही धुवा. कॉक रिझर्व्हवर चांगली आणि मेनवर वाईट चालत असेल तर टाकीतल्या नळीची जाळी बघा.

मिश्रणाचा स्क्रू स्वतः फिरवला तर चालेल का?

तो फक्त स्लोसाठी असतो, पळत्या गाडीतला मार त्याने जात नाही. फिरवायचाच असेल तर आधी तो हलक्या हाताने आत घेताना किती फेऱ्या बसल्या ते मोजून वहीत लिहा, म्हणजे परत येता येईल. दाबून घट्ट बसवू नका, सुईचं टोक खराब होतं.

मिस्त्रींकडे कधी जायचं, आणि काय सांगायचं?

टायमिंग बेल्ट सरकल्याचा संशय, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हचं सेटिंग, टाकी उतरवणं, ही कामं त्यांचीच. जाण्याआधी एक स्वस्त तपासणी करून घ्या: पीयूसीच्या कागदावरचे आकडे वाचा. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय आणि अर्धवट जळतंय. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, अर्थात मिसिंग. मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवला तर बदल लगेच कळतो.

आणि "गाडी बघा जरा" एवढंच सांगू नका. वही पुढे ठेवा: "काका, थंडीत ठीक आहे, गरम झाल्यावर, चढाला, सहा-सात मिनिटांनी अडते, झाकण उघडून बघितलं, फिल्टर नवा आहे, ठिणगी निळी आहे." असं सांगितलं की चांगला मिस्त्री तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघत नाही, जोडीदार म्हणून बघतो. काढलेला प्रत्येक पार्ट परत मागून घ्या आणि पिशवीत तारीख लिहून ठेवा. चाचणीला त्यांना शेजारी बसवून, गाडी जिथे अडते त्याच चढावर घेऊन जा.